परक्या हातातली डोंगी

मला डोंगी हवी होती, नावाडी नको होता. एवढी साधी गोष्ट त्या माणसाला समजावून सांगायला मला अर्धा तास लागला.

त्रेसष्ट सालच्या डिसेंबरातला पहिला रविवार होता. वैनगंगेवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. घाटाच्या खालच्या अंगाला एक तरणा माणूस उपड्या डोंगीच्या भेगेत डांबर भरत बसला होता. मी म्हटलं, मला वर काळ्या दगडांपर्यंत जायचंय, डोंगी दिवसभर भाड्यानं पाहिजे. त्यानं हात पुसले, डोंगी सुलटी केली आणि वल्हं उचललं. मी म्हटलं, तुम्ही नाही... मी एकटी. तेव्हा कुठे त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“वल्हवता येते का तुमाले?”

“नाई.”

“पोहता?”

“विहिरीत येते.”

“विहीर कुठं जात नाई, बाई. नदी जाते.”

खरं तर राग यायला हवा होता, पण मला हसू आलं. मग मी त्याला सरळ कारणच सांगितलं. बालाघाटच्या एका सरकारी कचेरीत मी ट्रेसर होते. मोठ्या नकाशावर पातळ मेणकापड ताणायचं आणि खालची एकेक रेघ शाईनं वर उतरवायची, हे माझं काम. शहराच्या वर दोन-अडीच मैलांवर नदीची निळी रेघ फुटून चार धारा होत, आणि मधे खडकांचे बारीक ठिपके. ते ठिपके मी वर्षभरात दहा-अकरा वेळा काढले होते, आणि पाहिले एकदाही नव्हते. कोणी दाखवायला नेईल म्हणून थांबले असते तर जन्मात पाहिले नसते. बाईमाणसाला सगळीकडे कोणीतरी न्यावंच लागतं, याचा मला वीट आला होता.

त्यानं हे सगळं हसल्याशिवाय ऐकून घेतलं. मग म्हणाला, तीन रविवार माझ्यासोबत बसा, चौथ्या रविवारी एकट्या जा. त्याचं नाव खेमराज. जातीनं ढीवर. घाटाच्या वर कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, घरात तो आणि त्याची विधवा आई, रुख्माबाई. तो मासे धरी, ती बाजारात विकी.

मी पुष्पलता. वय बावीस, हट्ट भरपूर. मुक्काम दुर्गामावशीकडे. वडील तिरोडीच्या पलीकडल्या गावात शेती करत. अकरावीपर्यंत शिकवलं म्हणून भाऊबंदांनी त्यांना नावं ठेवली होती, आणि ते त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नव्हतं. म्हणूनच त्यांना नाही म्हणणं मला फार अवघड जाई.

तीन रविवार मी शिकले. पहिल्या दिवशी डोंगी जागच्या जागी गरगर फिरली आणि घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांची करमणूक झाली. खेमराज मागच्या टोकाला बसे. माझं वल्हं चुकलं की हात धरून दाखवणं सोपं होतं, पण त्यानं ते एकदाही केलं नाही. तो आपल्या बांबूनं माझ्या वल्ह्याला हळूच टोकी, एवढंच. त्या टोकण्याची मी वाट पाहू लागले... आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या रविवारी दोन-तीनदा मुद्दाम चुकले.

“हे तुमाले कालच येत होतं,” तो म्हणाला.

“काल रविवार नव्हता.”

“हौ — मंग मागच्या रविवारी येत होतं. आज काहून भुलल्या?”

मी पाण्यात पाहत राहिले. कानाची पाळी मात्र गरम झाली होती.

त्याच आठवड्यात बाबांचं पत्र आलं. तिरोडीच्या खाणीतल्या एका कारकुनाचं स्थळ होतं. मुलगा निर्व्यसनी, घर पक्कं, मागणी काही नाही. फक्त लग्नानंतर नोकरी करायची नाही. शेवटी बाबांनी लिहिलं होतं, ‘संक्रांतीला मी येतो, तेव्हा तुझ्या मनातलं सांग.’ मनातलं काय आहे, हेच मला कळत नव्हतं. खेमराजला मी पत्राचं सांगितलं. तो वल्हं पुसत राहिला. मग म्हणाला, जाताना नदी उलटी असते, तेव्हा दम राखून जा. येताना नदीच आणते. मला वाटलं, यानं विषय टाळला.

चौथ्या रविवारी त्यानं डोंगी ढकलून दिली आणि पाठ फिरवून तो वर निघून गेला. मागे वळून पाहिलं नाही. मला थोडं वाईट वाटलं. एवढी काय बेफिकिरी!

तास-दीड तासानं मी पोचले. नकाशातले ठिपके म्हणजे हत्तीएवढाले काळेभोर दगड निघाले. पाण्यानं त्यांना घोटून घोटून गुळगुळीत केलं होतं. कुठे रांजणासारखे खड्डे, त्यात निवळशंख पाणी आणि तळाशी गोल गोटे. एका दगडावर पाणकावळे पंख पसरून उन्हाला बसले होते. मी आले म्हणून ते उडालेही नाहीत. दोन खडकांमधल्या चिंचोळ्या धारेतून मी डोंगी नेली, दोन्ही हात लांब केले तर दोन्हीकडे दगड लागत होता. मग एका सपाट खडकावर चढून मी नुसती बसले. कोणी आणलं नव्हतं, कोणी थांब म्हणणार नव्हतं, कोणी चल म्हणणार नव्हतं. मला रडू आलं. आनंदाचंच होतं ते.

दुपार कलल्यावर परतले, तर तो काठावर उभा.

“आल्या?”

“हौ.”

“दगड कसे हायेत?”

“नकाशात मी फार लहान काढले.”

तेव्हा तो हसला. त्याचं हसणं उशिरा येई आणि बराच वेळ राही.

पुढचे दोन रविवार असेच गेले. मी जाऊन येई आणि मग डोंगीच्या काठावर बसून त्याला सगळं सांगे: कुठल्या खड्ड्यात किती मासे दिसले, कुठला दगड खालून पोखरलाय. तो असा ऐके की जणू तिकडे कधी गेलाच नाही. एकदा मी म्हटलं, तुम्ही तर लहानपणापासून पाहता, माझं काय ऐकता? तो म्हणाला, मी मासोळीसाठी पाहिलं, तुम्ही दगडासाठी पाहता, ते वेगळं असते. त्या दिवसापासून मी दगड पाहत होते ते त्याला सांगता यावं म्हणून. प्रेमात पडल्याचं हे लक्षण मला त्या वेळी ओळखता आलं नाही, आता लगेच येतं.

रुख्माबाई मात्र माझ्याशी बोलत नसे. मी डोंगी घेतली की ती दारातून पाही आणि आत जाई. कचेरीतल्या पोरीचे चोचले, असं तिला वाटत असावं.

संक्रांतीच्या आधीचा रविवार आला. दोन दिवसांनी बाबा येणार होते. मला परतावंसंच वाटेना. मी एका आडव्या धारेत शिरले, आणि डोंगी पाण्याखालच्या कपारीवर चढून अडकली. ढकलली, ओढली, गुडघे सोलून निघाले. ती सुटली तेव्हा सूर्य पलीकडच्या झाडांत गेला होता. पण मी घाबरले नव्हते. उलट आपलं आपण निस्तरलं याचा मला अभिमानच वाटत होता. घाटाला लागले तेव्हा दिवेलागण झाली होती.

खेमराजनं दोर धरला. मी कौतुकानं सगळं सांगायला तोंड उघडलं, तोच शेजारची शेवंताबाई वरून उतरत आली.

“बाई, तुमची हौस होते, आनि ही मायलेकरं सकाळपासून उपाशी बसतात. म्हातारीले आज भोवळ आली.”

मला काही कळेना. खेमराज तिला गप्प करू लागला, पण ती कसली गप्प बसते. तिनंच सांगितलं. त्या घराची रीत होती. डोंगी परक्याच्या हाती दिली, की ती काठाला लागेपर्यंत घरात चूल पेटत नसे. कोणी अन्नाला शिवत नसे, कोणी कामाला जात नसे. खेमराजच्या आज्यापासून चालत आलेलं. म्हणून ते डोंगी सहसा एकट्यादुकट्याला देतच नसत. दिली तर घटकाभरासाठी. आणि मी चार रविवार, दिवस दिवस!

शेवंताबाई गेली. मी तशीच उभी राहिले. तो काठावर का उभा असायचा, पाठ फिरवून वर का जायचा, सगळं एकदम समजलं. पाठ फिरवून तो घरी हेच सांगायला जात असणार — आज चूल नाही.

“मले सांगतलं काहून नाई?” माझा आवाज चढला होता. “मी काय रानटी हाये? लवकर आली असती ना मी.”

“म्हनूनच नाई सांगतलं.” तो दोराची गाठ मारत होता, वर पाहत नव्हता. “तुमी घाईनं आल्या असत्या. दगडावर बसल्या तरी माह्या घरची चूल आठवत राह्यली असती. मंग... तुमचं एकटं जानं काय राह्यलं त्यात?”

आजवर मला कितीजणांनी जपलं होतं, पण जपायचं म्हणजे अडवायचं, हेच मी पाहिलं होतं. हा माणूस मला जाऊ देत होता आणि त्याचं ओझं स्वतः उपाशी बसून वाहत होता. त्या क्षणी माझ्या मनातलं मला स्वच्छ कळलं.

“मी त्या कारकुनाले नाई म्हननार हाये,” मी म्हटलं. “मले तुमच्यासंग राह्याचं हाये, खेमराज.”

त्यानं गाठ तशीच सोडली. मग तो सावकाश म्हणाला, की त्यालाही तेच हवंय, पहिल्या रविवारपासून हवंय. पण माझी जात वेगळी, शिक्षण वेगळं, आणि त्याच्या आईच्या मनात माझ्याबद्दल राग आहे. ती हो म्हणाली नाही तर तो तिला टाकून येणार नाही. मी म्हटलं, टाकून येणारा असता तर मला नको होता.

संक्रांतीला बाबा आले. मावशीच्या ओसरीत बसून मी त्यांना एका दमात सगळं सांगितलं. सगळं ऐकल्यावर त्यांनी एकच विचारलं, “ढीवराच्या घरी, पोरी?” मी हौ म्हटलं. ते ओरडले असते तर मी भांडले असते. पण त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि डोक्यावरून हात फिरवत बसले. एवढं थकलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दुपारच्या गाडीनं ते परत गेले. आईनं पाठवलेले तिळाचे लाडू द्यायचं विसरले, की परत नेले, हे मला आजही ठाऊक नाही. मावशी रात्रभर रडली. मी रडले नाही, पण झोपलेही नाही.

रविवारी घाटावर गेले ती डोंगी मागायला नाही. रुख्माबाईची माफी मागायला गेले होते. ती दारातच होती. मी वाकले तर तिनं पाय मागे घेतले. मी सांगितलं, मला ठाऊक नव्हतं, आता पुन्हा तुमची डोंगी नेणार नाही. बाबांचंही सांगितलं. लपवावंसं वाटलं नाही. ती वाकताना खपली निघालेल्या माझ्या गुडघ्याच्या जागी लुगड्यावर उमटलेला डाग पाहत होती. मग आत गेली, वल्हं घेऊन बाहेर आली आणि माझ्या हातात दिलं.

“जाय,” म्हणाली. “मन जड हाये तुहं. घरात बसून हलकं नाई होत.”

मी खेमराजकडे पाहिलं. त्यालाही काही उमगलं नव्हतं. मी नको म्हणत होते, पण म्हातारीनं ऐकलं नाही. तेव्हा मनाशी ठरवून निघाले, की अर्ध्यातून परतायचं, हिला आज उपाशी ठेवायचं नाही. वल्हवताना डोळ्यांपुढे बाबांचा पागोट्यावरचा हात येत होता. दगड दुरून दिसले, तशी मी डोंगी वळवली.

वळण घेऊन घाट समोर आला, आणि मला रुख्माबाईच्या कवेलूंमधून धूर निघताना दिसला. चांगला दाट, नुकत्याच पेटलेल्या लाकडांचा. मला वाटलं, म्हातारीचा धीर सुटला... माझ्यापायी त्या घराची रीत मोडली. मी जोरजोरात वल्हं मारत काठाला आले. खेमराज पाण्यात गुडघाभर उतरून उभा होता. डोळे ओले होते त्याचे, पण तो लपवत नव्हता.

“चूल कोनं पेटवली?” मी विचारलं. “डोंगी तं अजून लागली नव्हती.”

“मायनं. मी आडवलं तिले. तं म्हने, रीत परक्याची हाये.” त्यानं डोंगीचा काठ धरला. “म्हने, घरची पोरगी नदीवर गेली हाये, ते भुकेजून येईन. तिच्यासाठी भाकर नको का टाकू?”

वरून रुख्माबाईची हाक आली. खेमराजनं हात पुढे केला. तो मी पहिल्यांदाच धरला आणि डोंगीतून उतरले.