निरोपाचा ट्रॅक

लग्नघरात ज्याच्याकडे लॅपटॉप असतो, त्याचे हाल कुत्रं खात नाही. कळसाडीच्या पवनला त्या दुपारी हे पुरतं कळून चुकलं. बाहेर मांडवात बाया हळदीची तयारी करत होत्या, पाहुणे जेवून लवंडले होते, लाईट गेलेली होती, आणि हा पठ्ठ्या मागच्या खोलीत पंख्याविना घाम गाळत एका गाण्याची एमपीथ्री काढत बसला होता.

गाणं त्याच्या मायचं होतं. कमलबाईला जाऊन दुसरा उन्हाळा लागला होता. पवनची धाकटी बहीण जागृती उद्या सासरी जाणार होती आणि तिने घरात सांगून टाकलं होतं की मायचा आवाज कानावर पडल्याशिवाय अंगाला हळद लावून घेणार नाही. पोरगी हट्टी नव्हती. आयुष्यात हट्ट केला तो हा एवढाच, आणि पवनला काही झालं तरी तो पुरवायचा होता.

बरं, गाणंही साधंसुधं नव्हे. त्यांच्या घराण्यात हळदीला घरातल्या गेलेल्या बायांना मांडवात बोलावतात. एक जाणती बाई एकेकीचं नाव घेऊन गाते, "ये वं सोनाबाई, मांडवमा ये." मागच्या बाया त्या गेलेलीच्या वतीने उत्तर देतात, "उनू वं, उनू." म्हणजे आले गं, आले. हळद उरकली की जिने बोलावलं तिनेच निरोपाचं गाणं म्हणायचं आणि एकेकीला नाव घेऊन परत धाडायचं. कमलबाईने ही दोन्ही गाणी आजारपणात, याच खोलीत, पवनच्या माईकवर म्हणून ठेवली होती. मागे उत्तर द्यायला कोणी बाया नव्हत्या. "उत्तर बी तूच म्हनी टाक ना," असं पवन म्हणाला तेव्हा ती खेकसली होती, "बलावनारीनी उत्तर देवानं नई ऱ्हास रे!" आणि प्रत्येक नावानंतर तिने उत्तरापुरती जागा मोकळी सोडली होती.

शहाद्याचा चंदन डीजेवाला सकाळपासून फोनवर जीव खात होता. पवनने आधी त्याला सॉफ्टवेअरचीच फाईल पाठवली. ती त्याच्याकडे उघडेना.

"भाऊ, हाई काय धाडं तू? मन्हा मशीनले एमपीथ्री लागस!"

मग पवनने वेव्ह फाईल काढली. ती एवढी अगडबंब निघाली की गावातल्या नेटवर चढता चढेना. मग एमपीथ्री काढायला घेतली, तर हिरवी पट्टी अगदी शेवटाला येऊन थांबली आणि वर पाटी आली, की डिस्कवर जागा अपुरी आहे. पवनने लॅपटॉपला शेलक्या शिव्या घातल्या. जुने सिनेमे उडवले, मित्राच्या साखरपुड्याचे व्हिडिओ उडवले. पुन्हा तीच पाटी. इकडे बॅटरी चाललेली, तिकडे चंदनचा फोन वाजतोय, आणि मांडवातून कोणीतरी ओरडतंय की नवरी बसली पाटावर.

तेव्हा त्याची नजर निरोपाच्या ट्रॅकवर गेली. त्यात मायला खोकल्याची उबळ आली होती, अर्धं गाणं खोकल्यातच गेलं होतं. असलं हळदीत कोण वाजवणार? त्याने तो ट्रॅक मूळ फायलींसकट डिलीट केला आणि रिसायकल बिनही रिकामी करून टाकली. आता मात्र पट्टी सरसर पुढे सरकली. वैतागलेला माणूस करतो तेच त्याने केलं. न ऐकताच फाईल चंदनला धाडून दिली आणि मग सहज हेडफोन कानाला लावला.

मायचा आवाज आला. "ये वं सोनाबाई, मांडवमा ये." मग ती मोकळी जागा. आणि त्या जागेत, लांबच्या शेतातून हाळी यावी तशी, कोणीतरी म्हणालं…

"उनू वं… उनू."

पवनने हेडफोन काढला. बाहेर बाया हसत होत्या. त्यांचाच आवाज असेल म्हणून त्याने गाणं मागे नेऊन परत ऐकलं. पुन्हा तेच. त्याला भीती नाही वाटली, आधी संतापच आला. आता हे काय नवीन झंझट? सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं, तर त्या जागी पडद्यावर सरळ रेघ होती. तिथे आवाजच नव्हता. तिथूनच गाणं वाजवलं तर उत्तराची जागा रिकामी. त्याने सगळे इफेक्ट काढले, घुमारा बंद केला आणि फाईल नव्याने काढली.

नव्या फाईलमध्ये दोन बाया उत्तर देत होत्या. दुसरीचा आवाज जवळून येत होता.

त्याने परत काढली. आता प्रत्येक नावाला उत्तर होतं. खोलीत कसलासा वास सुटला होता, वर्षानुवर्षं न उघडलेल्या पेटीतल्या लुगड्यांचा. पवनने हेडफोन काढून मागे पाहिलं. दाराशी त्याच्या वडिलांची बहीण भिकुबाई हळदीची परात घेऊन उभी होती. तिला घरात सगळे फुई म्हणत.

"फुई, जरा आईक… रेकॉर्ड करं त्या दिनले तू व्हती का आठे?"

"मी कशी व्हसू? मी ते तवय सुरतले व्हतू."

त्याने तिच्या कानाला हेडफोन लावला. ऐकता ऐकता तिच्या तोंडावरचं हसू विरून गेलं. परात तिने हळूच खाली ठेवली.

"हाई ते मन्ही माय शे…" ती म्हणाली. सोनाबाई म्हणजे तिची आई, पवनची आजी. "मन्ही मायना आवाज मी नई वयखाव का? पवन, निरोपनं गानं कोठे शे?"

"काढी टाकं. जागा नव्हती ना…"

"काढी टाकं?" ती कुजबुजली. "मंग आते त्यासले धाडी कोन?"

"तू म्हन ना, फुई."

"मी कोठे बलावं? जिनी बलावं, तिनीच धाडनं पडस."

आणि जिने बोलावलं, ती तर जग सोडून गेलेली. पवन गेलेली फाईल शोधायला वळला आणि तेवढ्यात बॅटरी संपून पडदा काळा झाला. त्याने चंदनला फोन लावला. चंदन उचलेना. कसा उचलेल? तो मांडवात येऊन पोचला होता. बाहेर जनरेटर धडधडायला लागला होता आणि त्या आवाजावर चढून मांडवातले स्पीकर गायला लागले होते.

"ये वं सोनाबाई, मांडवमा ये…"

पवन धावत सुटला. जागृती पाटावर बसली होती, डोळे मिटून. गालाला हळद, गालावरून पाणी आणि तोंडभर हसू. माय गेल्यापासून असं हसताना तिला कोणी पाहिलं नव्हतं. पवनचा चेहरा बघून चंदनने बटणावर बोट ठेवलं.

"बंद करू का, भाऊ?"

पवनने बहिणीकडे पाहिलं आणि गाणं चालूच राहिलं. बाया तर खूश होत्या. "कितल्या बाया बसाड्या व्हत्यात रे गानं गावाले!" एक जण कौतुकाने म्हणाली. चंदनकडे गेलेली ती पहिलीच फाईल, तरी नावामागून नावं झाली, प्रत्येकाला उत्तरं झाली. शेवटचं नाव झालं. गाणं इथे संपतं हे पवनला पाठ होतं.

ते संपलं नाही. कमलबाईचा आवाज थांबला आणि दुसराच एक म्हातारा, चिरका आवाज स्पीकरमधून आला.

"ये वं कमलबाई… मांडवमा ये…"

मागोमाग आलेल्या भिकुबाईने पवनचा दंड करकचून धरला. स्पीकर गप्प झाले. उत्तर आलं ते स्पीकरमधून नाही. ते पाटाच्या शेजारून आलं, जिथे कोणीच उभं नव्हतं, आणि तो आवाज ओळखायला पवनला कोणी सांगायची गरज नव्हती.

"उनू वं… उनू…"

बायांना वाटलं, आपल्यातलीच कोणी हौसेने म्हणाली. त्या हसल्या आणि हळद पुढे चालू झाली. भिकुबाई मात्र एका कोपऱ्यात उभी राहून निरोपाचं गाणं म्हणायला लागली. अख्खं म्हटलं. एकेक नाव घेतलं, शेवटी भावजयीचंही घेतलं. तिला कोणी उत्तर दिलं नाही.

हळद उरकली. नवरीच्या अंघोळीला पाणी काढलं. बाया म्हणाल्या, ऊठ पोरी. जागृती उठली नाही. पवन तिच्यापुढे उकिडवा बसला.

"जागृती, चाल ना…"

"भाऊ…" ती हळूच म्हणाली. डोळे अजून मिटलेले होते, पण हसू गेलं होतं. "मायले सांग ना, हात सोड म्हना. सकाय मले सासरे जानं शे…"

तिचा डावा हात पाटाच्या बाजूला, हवेत, जरासा वर उचललेला होता. पवनने मनगट धरून तो खाली ओढला. मग दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून ओढला.

हात जागचा हलला नाही.