बिब्ब्याचं ‘बाहेर’

पिल्लाचे पुढचे पाय माझ्या हातात होते आणि मागचे त्याच्या.

रत्नागिरीच्या बंदरावर उपड्या घातलेल्या होडीखाली आम्ही दोघं दोन बाजूंनी वाकलो होतो. वर हस्ताची सर कोसळत होती, मध्ये पिल्लू केकाटत होतं, आणि मला समोर दिसत होते ते फक्त दोन डोळे – हसरे, आणि जरा जास्तच धीट.

"सोडा ना त्याला!" मी म्हटलं.

"मी सोडलं तर तू नेशील."

"मग? नेणारच आहे."

"आणि घरात घाण केली त्यानं म्हणजे? शिकवायला येतं तुला?"

येत नव्हतं. कुत्र्याला हे शिकवावं लागतं, हेच मला ठाऊक नव्हतं. आमच्या वाडीतली कुत्री अंगणात जन्मायची नि अंगणातच म्हातारी व्हायची. पण हे एवढंसं पिल्लू थंडीनं कुडकुडत होतं. मी त्याला पदराखाली घेतलं आणि म्हटलं, "मग तुम्ही शिकवा!"

बोलून गेले आणि जीभ चावली. परक्या माणसाला असं कुणी बोलतं का?

तो परका नव्हता, हे घरी आल्यावर कळलं. आत्माराम, आमच्या कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडच्या रावजीकाकांचा पुतण्या. लहानपणीच मुंबईला गेलेला, मोठ्या आगबोटीवर नोकरीला. तिथल्या कप्तानाचा कुत्रा सांभाळणं हेही त्याच्याकडेच होतं म्हणे. रजेवर आला होता आणि तिसऱ्या शनिवारच्या बोटीनं परत जाणार होता.

पिल्लू पांढरं होतं, कपाळावर एकच काळा ठिपका. मी त्याचं नाव बिब्बा ठेवलं. आई गेल्यापासून आमच्या घरात राज्य होतं यमुनाआत्याचं. आप्पा बंदरावरच्या कचेरीतून येऊन ‘ताई म्हणेल तसं’ एवढंच म्हणायचे. आत्यानं बिब्ब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निकाल दिला. "तुळशीच्या लग्नापर्यंत राहू दे. पण त्यानंतर एकदा जरी ओटीवर घाण केलीन, तर पूर्णगडच्या होडीत घालून देईन. तिथे कोळणी आहेत, मासळी खाऊन जगेल."

दुसऱ्या दिवशी आत्माराम गडगा ओलांडून हजर! आत्या ओटीवर वाती वळत बसलेली, तिच्या देखत त्यानं शाळा सुरू केली.

"खाल्लं की बाहेर न्यायचं. झोपून उठलं की बाहेर. रोज एकाच जागी, त्या मागीलदारच्या केळीखाली. तिथे केलंन की सुकट द्यायची. मारायचं नाही. आणि रोज ओटी सारवायची."

"ते मी रोज करतेच," मी म्हटलं.

"मग निम्मं काम झालंच. कुत्र्याची अक्कल नाकात असते. सारवणाचा वास म्हणजे घर, तिथे नाही करायचं. साध्या मातीचा वास म्हणजे बाहेर. एवढं कळलं की झालं."

"एवढ्या सोप्या गोष्टी कुत्र्यालाच कळतात," मी पुटपुटले.

"आणि तुला?"

मी वर बघितलं नाही. मला त्या दिवसापासून काहीच धड कळेनासं झालं होतं. आमटीत मीठ दोनदा पडत होतं. गडग्यापलीकडे नुसतं कुणी खोकलं तरी पोलकं नीट करावंसं वाटायचं.

आणि मग पंधरा दिवसांत बिब्बा शिकला.

एका पहाटे तो आपण होऊन दाराशी जाऊन उभा राहिला, केळीखाली गेला, आला, शेपूट हलवत सुकट मागितलीन. मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू फुटलं! बिब्बा शिकला म्हणजे आत्माराम येणार कशाला?

"काय म्हणतोय शिष्य?" त्या सकाळी त्यानं विचारलं.

"अजून... चुकतो," मी आत्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हटलं.

"असं?" त्यानं गंभीर चेहरा केला. "मग या शनिवारी काही जाता येणार नाही. रजा वाढवून मागतो."

शनिवार आला, बोटीचा भोंगा झाला, आणि आत्माराम आमच्या मागीलदारी सुकट मोडत बसलेला होता. पुढच्या शनिवारीही तसंच. हा कुत्र्यासाठी थांबतो की... की माझ्यासाठी? विचारायचं कसं? आणि खोटं बोलणारी मी, विचारू तरी कुठल्या तोंडानं?

तुळशीच्या लग्नाला आप्पांनी अंगण चोपून घेतलं. आत्याच्या अंगात उत्साह संचारलेला. तिनं पुढचं अंगण सारवलं, मागीलदार सारवलं, केळीच्या बुंध्यापर्यंत हात पोचवला. "खेडची माणसं यायची आहेत उद्या," ती म्हणाली. "मुलगी बघायला."

मुलगी म्हणजे मी. त्या रात्री मला अन्न गोड लागलं नाही.

खेडची माणसं आली. ओटीवर ठेवणीतली सतरंजी अंथरली होती. मुलाचे मामा लोडाला टेकले, पगडी बाजूला ठेवली. मी पोहे घेऊन बाहेर आले, तर बिब्बा अंगणात गरगर फिरत होता. इकडे हुंगत होता, तिकडे हुंगत होता. मागे धावला, पुढे आला, कळवळून माझ्याकडे बघितलंन. मग एकदम ओटीवर चढला, सतरंजी हुंगली... आणि मामांच्या पगडीला लागूनच मोकळा झाला.

"अपशकुन!" मामा गरजले. पोहे तसेच राहिले.

"ठरत आलेल्या कामात बिब्बा घातलान मेल्यानं," आत्यानं कपाळावर हात मारला. "उद्या सकाळी पूर्णगड!"

बिब्ब्याला कवटाळून मी मागीलदारी जाऊन बसले. खेड टळलं म्हणून हसू येत होतं, बिब्बा जाणार म्हणून रडू येत होतं, आणि दोन्ही एकदमच येत होतं. तेवढ्यात गडग्यावरून आत्माराम उतरला. अंगात प्रवासाचा कोट.

"हेच का तुमचं शिकवणं?" मी उसळले. "न्या आता याला बोटीवर!"

त्यानं खुरपं घेतलं आणि केळीखालचं ताजं सारवण खरवडून काढलं. खालची तांबडी माती उघडी पडली. बिब्बा माझ्या मांडीवरून उडी मारून धावत गेला आणि तिथे राहिलेलं सगळं उरकून घेतलंन.

"आत्या, बघितलंत?" आत्मारामनं हाक दिली. आत्या मागच्या दारात येऊन उभी होती. "त्याचं चुकलं नाही. तुम्ही सगळंच सारवलंत. त्याला ‘बाहेर’ शिल्लकच ठेवलं नाहीत. सतरंजीलाच तेवढा सारवणाचा वास नव्हता."

आत्या मातीकडे बघत राहिली. "म्हणजे माझंच चुकलं म्हण की," ती म्हणाली आणि आत गेली. पूर्णगडचं नाव काढलं नाहीन.

"तुम्हाला ठाऊक होतं?" मी हळूच विचारलं. "सारवताना बघितलं होतंत?"

"गडग्यावरून." त्याचे कान लाल झाले. "बिब्बा पंधरा दिवसांत शिकला, तेही तिथूनच बघितलं होतं."

देवा! मला कुठे बघावं कळेना.

"मग सारवताना सांगितलं का नाहीत? तो पूर्णगडला गेला असता!"

"सांगायला येत होतो. तर खेडची माणसं येणार असं ऐकलं आणि... पायच उचलेना. मुद्दाम केलं की नाही, मलाच कळत नाही. पण पूर्णगडहून कुत्रं परत आणता येतं, राही. खेडहून तुला कसं आणलं असतं?"

बंदरावर बोटीचा भोंगा झाला. तो हलला नाही.

"तुमची बोट..."

"तू जा म्हणालीस तर धावत गाठीन."

"नका जाऊ," मी म्हटलं. सहा आठवड्यांत तेवढंच एक मी खरं बोलले.

आतून आत्याचा आवाज आला. "आत्माराम, सतरंजी धुवून वाळत घातलीय. उद्या सुकेल. रावजीला घेऊन ये संध्याकाळी, आप्पा घरी असतात. काय बोलायचं ते ओटीवर बसून बोला, गडग्यावरून नको."

आत्मारामनं प्रवासाचा कोट काढून खांद्यावर टाकला.

"आणि राही," आत्या म्हणाली, "ते यायच्या आधी त्या कुत्र्याला बाहेर नेऊन आण गो!"