उलट्या रेषांचं पीस

सावली गावातल्या बाया ब्लाऊज शिवायला टाकायच्या त्या नूतनकडेच. उन्हाळ्यात तिला लकवा मारला. तोंड सावरलं, पाय सावरला. उजवा हात तेवढा मांडीवर पडून राहिला, अनोळखी घरी पाहुणा बसावा तसा. शिलाई मशीनवर चादर पडली. डॉक्टर म्हणाले, पेन्सिल धरा, बारीक रेषा काढा, बोटं आली तर त्यानंच येतील.

नवऱ्यानं, प्रवीणनं, कागद आणला. समोर ठेवायला धानाच्या बांधीतून एक पीस उचलून आणलं. करडं, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत भरेल एवढं.

"कोन्या पाखराचं व्हय?"

"का मालूम. धुऱ्यावर पडून होतं."

सासू शकुबाई तांदूळ निवडत होती. "मले सांगतं त कोंबडीचं देतो ना बापा. कोपऱ्यात ढीग हाय."

मोबाइलवरची बाई शिकवायची: आधी मधला दांडा, मग कड, मग दांड्यातून बाहेर सोडायच्या तिरप्या, हलक्या रेषा. पण नूतनचा जन्म रोवण्यात गेलेला. चिखलात वाकून, रोप खोचत मागं मागं सरकायचं, हीच हाताची चाल. पेन्सिल कडेवर टेकायची आणि रेष आत, दांड्याकडे ओढत यायची. खोडून पाहिलं. पुन्हा आतच.

"उलटं होऊन राह्यलं," ती म्हणाली.

"होऊ दे. हात हलून राह्यला ना."

हलत होता खरा. रेषांची एक ओळ भरली की एक बोट जागं व्हायचं. पोळ्यापर्यंत चिमटीत सुई आली. शकुबाईनं मारोतीला नारळ फोडला. मशीनवरची चादर निघाली.

पण हाताला चैन पडेना. कापड दाबून धरलं तरी खालून सरकायचं, जणू वर हात नव्हताच. कैची उचलली तर वजन लागेना. एकदा सुई बोटात शिरली, पार गेली. दुखलं नाही. रक्तही नाही.

मनगटावरची लव सगळी एका अंगाला कलली होती. उलटी कुरवाळली की कोपरापर्यंत थंड शिरशिरी जायची.

बाहेर पानं हलली की बोटं आपोआप पसरायची.

"काऊन व, कोनाले बलावतं?" शकुबाई म्हणाली. हसली नाही.

खिडकीतलं पीस नूतननं त्या दुपारी कितीतरी दिवसांनी नीट पाहिलं. नुसता दांडा उरला होता, खराट्याच्या काडीसारखा. खाली एकही तंतू पडलेला नव्हता.

तिनं कागद काढला. डाव्या हातात खोडरबर घेतलं आणि कडेची एक ओळ पुसली.

उजवा अंगठा लुळा पडला.

दुसरी ओळ पुसली. तर्जनी गेली.

बाजूला मशीन होतं. सुईखाली कोणाच्या तरी लगीनघरचं ब्लाऊज अर्धं शिवलेलं. दारातून शकुबाई पाहत होती.

"का करून राह्यली, नूतन?"

नूतननं डाव्या हातानं पेन्सिल त्या मेल्या बोटांत खोचली, वरून मूठ आवळली. पुसलेल्या रेषा पुन्हा ओढल्या. कडेपासून आत. आत. एकही जागा मोकळी सोडली नाही.

अंगठा हलला. मग तर्जनी.

संध्याकाळपर्यंत ब्लाऊज पुरं झालं. टाका न् टाका एकसारखा.

जेवायला बसण्याआधी ती मोरीवर आली. शकुबाईनं तांब्यानं हातावर पाणी घातलं. पाणी बोटांवर थांबलंच नाही. पाऱ्यासारखे गोल थेंब होऊन घरंगळलं, सिमेंटवर टपटपलं.

"पुस आता."

"कोरडाच हाय, बाई."

शकुबाईनं तांब्या हळूच खाली ठेवला.

मागच्या दारातून वारा सुटला. नूतननं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, आणि मोरीच्या कठड्याला पाय रोवले.