बारावी चौकट

दुकानात चार इंची टचस्क्रीन एकच उरली होती, आणि तिच्यावर दोन हात एकदम पडले. एक माझा. दुसऱ्याच्या नखांत लाकडाचा भुसा अडकलेला.

"मी आधी धरली," मी म्हणाले.

"मी आधी पाहिली."

"नुसतं पाहून काय होतं?"

"पाहूनच तर सगळं होतं..." तो हसला. स्क्रीनकडे पाहून, बरं का! माझ्याकडे नाही.

बाहेर पावसाची भुरभुर होती, म्हणून दोघंही थांबलो. आणि थांबलेली माणसं बोलतातच. तो सुतार. त्याचे बाबा गाणं शिकवायचे. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज गेला, आता पाटीवर लिहितात; तेही दिवसेंदिवस कमी. त्यांच्यासाठी त्याला एक पेटी करायची होती – चित्र दाबलं की बोलणारी. पेटी बनवणं त्याला येत होतं, तिला बोलतं करणं नाही. आणि माझ्यामागे ऑफिसनं नेमकं हेच लावून दिलेलं : छोट्या यंत्रांच्या पडद्यावर पायथन भाषेतल्या प्रोग्रॅममधून बटणं काढायला हलकं टूलकिट, म्हणजे तयार साधनांचा संच, कोणतं, ते शोध.

"स्क्रीन तुमची, आतला प्रोग्रॅम माझा," मी म्हणाले.

"आणि बाबा दोघांचे?" त्यानं विचारलं, आणि स्वतःच कानापर्यंत लाल झाला.

मी सगळ्यात देखणं टूलकिट निवडलं. गोल कडांची बटणं, दाबताच हलणारी सावली. माझ्या लॅपटॉपवर कसं लोण्यासारखं चाललं! पेटीतल्या इवल्या सर्किट बोर्डावर मात्र मी ते एकदाही चालवून पाहिलं नाही. थेट बाबांच्या हातात दिलं.

त्यांनी 'पाणी' दाबलं. पेटी गप्प. पुन्हा दाबलं. गप्प. आणखी चारदा. नऊ सेकंदांनी पेटीला कंठ फुटला : "पाणी. पाणी. पाणी. पाणी. पाणी. पाणी."

तो पेला घेऊन धावला. बाबा हसले नाहीत. पेटी हळूच बाजूला सारून त्यांनी पाटी ओढली. लिहिलं, 'राहू दे, पोरी.' मग पाटीही पुसून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती उचललीच नाही.

"मोठ्या वाड्याचं दार तुम्ही खोक्याला लावलंत," तो म्हणाला.

"सुतारानं काय केलं असतं?"

"आधी खोक्याला विचारलं असतं – बाबा रे, तुला पेलतं किती?"

मग मी विचारलं. दुसरं टूलकिट पायथनसोबतच येतं, पण त्याला खाली मोठ्या कॉम्प्युटरसारखा खिडक्या उघडण्याचा सगळा पसारा लागतो; बोर्डाला तो झेपेना. तिसरं थेट पडद्यावरच चित्र काढायचं. तेच घेतलं. सावल्या गेल्या, जागा खाणारी अक्षरं गेली. सुताराच्या जाड पेन्सिलीनं त्यानं चित्रं काढली. बारा चौकटी. आवाज त्याचाच.

"पाणी."

"असं नाही हो. तहान लागल्यासारखं म्हणा."

"लागलीच आहे..." त्यानं माझ्याकडे पाहिलं. या वेळी माझ्याकडेच.

"पाण्याचीच ना?" मी मान खाली घालून विचारलं. त्यानं पेन्सिल कानामागे खोचली. रेकॉर्डिंग मात्र चालू होतं.

"बारावी चौकट रिकामी का?"

"बाबांनी मागून घेतलीय. तिचा आवाज... मी घालीन नंतर."

शेवटच्या दिवशी देवाचं नाव घेऊन मी पेटी बाबांपुढे ठेवली. बोट काचेवरून उठायच्या आत ती बोलली, "पाणी." एकदाच. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग 'चहा', मग 'पंखा', आणि मग शिष्यांसाठी खास सांगून घेतलेलं – "बेसूर!" ते दाबून त्यांचे खांदे हसण्यानं गदगदले.

मी पिशवी उचलली. "चला... माझं काम झालं."

तो रंधा पुसत राहिला. पुसलेलाच रंधा. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचं बोट बाराव्या चौकटीकडे निघालं.

"बाबा, नको–"

"तुझं काम संपलं तरी तू येत जा," पेटी त्याच्या आवाजात म्हणाली. "तुझ्यावाचून इथं करमत नाही."

जुनं टूलकिट असतं, तर बिचाऱ्याला अडवायला नऊ सेकंद मिळाले असते.

"वाक्य बाबांनी लिहून दिलं..." तो पुटपुटला. "आवाज तेवढा माझा."

"आणि करमत कुणाला नाही?"

"...दोघांना."

बाबांनी लगेच दाबलं, "बेसूर!"

त्यानं घसा साफ केला. "मला. मला करमत नाही."

मी पिशवी खाली ठेवली, आणि बारावी चौकट दाबली. एकदा दाबूनही भागलं असतं. मी सहा वेळा दाबली.