हात वर होईपर्यंत

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मी दुकानात एका दाराला बिजागऱ्या बसवत होतो. फोन तिच्या कॅमेरामनचा होता. "दादा, मॅडम उठत नाहीयेत," एवढंच तो म्हणाला.

ती कॉलेजात सिनेमा शिकवायची आणि सुटीत माहितीपट करायची. या वेळी तांबटांच्या गल्लीत होती. रस्ता रुंद करायला ती गल्ली पाडणार होते. तिची एक पद्धत होती. मुलाखत संपली की सगळ्यांना गप्प उभं करायची आणि नुसत्या खोलीचा आवाज घ्यायची. पुढे दृश्यं जोडताना तो लागतो. "मी हात वर करेपर्यंत कुणी हलायचं नाही," असा दम असायचा. विद्यार्थी तिला वचकून असत. मीही.

त्या दिवशी ती हेडफोन लावून, डोळे मिटून खुर्चीत बसली. हात वर झाला नाही. कुणी हललं नाही. चहा निवला, खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं, तरी सगळे उभेच.

"एकालाही अक्कल सुचली नाही?" संध्याकाळी आमच्या घरी मेव्हणा कॅमेरामनवर धावून गेला. मग माझ्याकडे वळला. "आणि दाजी, तुम्ही बसा लाकडं तासत."

पुढे तिची राहिलेली पिशवी आणायला मी गल्लीत गेलो. एक तांबट हंडा ठोकत होता. हातोडी पडत होती, तांबं दबत होतं. आवाज नव्हता. माझेच कान गेले असं वाटलं, पण मागच्या मोठ्या रस्त्यावरून स्कूटर गेली ती नीट ऐकू आली.

तांबटाची आई पिशवी घेऊन गल्लीच्या तोंडाशी आली. तिथे तिला बोलता येत होतं.

"घ्या. आत पाऊल टाकायचं नाही."

"काकू, हे काय झालंय?"

"बाईंनी हात वर केला नाही. नातू रडतो, नुसतं तोंड उघडं दिसतं. घरं पाडा म्हणावं, पण आवाज तरी परत द्या."

"ती गेली, काकू."

"मला काय सांगता? तिला सांगा. तुमची बाई, तुम्ही निस्तरा."

दुसऱ्या दिवशी कॅमेरामन तिचं ते शेवटचं रेकॉर्डिंग घेऊन घरी आला. मेव्हणाही होता, बहिणीचा माहितीपट त्याला पुरा करून हवा होता. स्वयंपाकघरात बसून आम्ही ऐकलं.

आधी काही नव्हतं. मग हातोड्या सुरू झाल्या, सगळ्या गल्लीच्या. मधेच एक मूल रडत होतं.

"तेव्हा काम बंद होतं," कॅमेरामन म्हणाला. "मूलही नव्हतं."

मग मेव्हण्याचा आवाज आला. एकालाही अक्कल सुचली नाही?

"हे कुणी टेप केलं?" मेव्हण्याने विचारलं. कॅमेरामनने बंद करायला बोट पुढे केलं.

"हलू नका," ती म्हणाली. अगदी जवळून.

बोट तिथेच थांबलं.

मेव्हणा ओरडत होता. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या. ऐकू काहीच येत नव्हतं.

नळ ठिबकत होता. त्याचाही आवाज नाही.

टेबलापलीकडची तिची खुर्ची थोडी मागे सरली होती.

गल्ली पाडली. बघणारे सांगतात, भिंती कोसळल्या तेव्हा धूळच तेवढी उडाली. मेव्हणा आता घरात येत नाही, भांडायला मला रस्त्यावर बोलावतो. मी त्या खुर्चीसमोर बसून जेवतो. ताटात वाटी आपटली तरी आवाज होत नाही.

तिचा हात वर व्हायचा राहिला आहे.