ताईबाईचा पट्टा

सिंधूबाई दर गुरुवारी शिरूरला जाते ती डोळ्यांच्या दवाखान्यात, असं अख्खी वस्ती धरून चालली होती. शेजारची कस्तुराबाई तर येता-जाता विचारायची, चष्मा कवा मिळणार म्हणून. खरं काय ते फक्त नवऱ्याला, गोकुळला ठाऊक. बायकोला मनाच्या डॉक्टरकडं न्यायचं म्हणजे चारचौघांत तोंड दाखवायची सोय नाही, म्हणून त्यानंच ती थाप मारली होती. तशी ती अगदीच खोटी नव्हती म्हणा. प्रांजल मॅडम समोर बसून दोन बोटं डावीउजवीकडं हलवायच्या. सिंधूबाईनं मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी बोटांमागं जायचं आणि तो दिवस आठवायचा. असं केलं की मनात रुतलेलं हळूहळू सैल होतं, असं मॅडम सांगायच्या.

तो दिवस म्हणजे धाकटी जाऊ ताईबाई गेली तो. उसात बिबट्या फिरायला लागल्यापासून वस्तीतल्या बाया गळ्यात खिळ्यांचा पट्टा बांधून खुरपायला जात. बिबट्या नरडं धरतो, म्हणून टोकं बाहेरच्या अंगाला. ताईबाईच्या पट्ट्याचा डाव्या कानाखालचा एक खिळा गळाला होता, तरी ती इमानानं तो घालायची. त्या दिवशी बांधावरून पाहुण्यांची जीप आली आणि सिंधूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं आपला पट्टा पदराखाली झाकला.

"काढ की ती बला," ती हसत म्हणाली. "कुत्र्यागत दिसतीयास. लोकं बघत्यात."

ताईबाई ओशाळली. तिनं पट्टा काढून पाटीत टाकला. जीप गेली, पण पट्टा पाटीतच राहिला.

थोड्या वेळानं उसाची पानं सळसळली, तेवढंच. साधी किंकाळीसुद्धा ऐकू आली नाही. पुढं सगळे म्हणाले, बाईचीच चूक, पट्टा घालायला काय झालं होतं? सासूही तेच म्हणाली. सिंधूबाई खाली मान घालून ऐकत राहिली. दहाव्याला पट्टा नदीत सोडला तेव्हा तिला वाटलं, सुटले एकदाची. आणि असं वाटलं याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची.

त्या गुरुवारी दुपारी दवाखान्यात लाईट नव्हती. पंखा बंद, खोलीत उकाडा. मॅडमची बोटं हलत होती.

"काय दिसतंय?"

"ऊस."

"आणखी?"

शब्द पार गळ्यापर्यंत आले होते. तेवढे बाहेर पडले असते तर ताईबाईच्या नावावरचा डाग पुसला गेला असता. पण जीभ रेटेना.

"न्हाई… आन् काईच न्हाई."

बोटं पुन्हा हलू लागली. आता ओल्या मातीचा वास यायला लागला, आणि त्यात जनावराचा उग्र दर्प. बोटं दिसेनाशी झाली. सरीतून कुणीतरी वाकून चाललं होतं, डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. सिंधूबाईचे डोळे त्या आकृतीमागं फिरत राहिले. मग ती आकृती उसात शिरली आणि अगदी कानाशी श्वास लागला.

"घाल की, जाऊबाई… आता कोन बघतंय?"

गळ्याभोवती गार काहीतरी आवळलं.

"सिंधूबाई," मॅडमचा आवाज लांबून आला, "मी हात केव्हाच खाली घेतलाय. तुम्ही कुणामागं बघताय?"

ती उठली, गळ्याभोवती पदर लपेटून जिना उतरली.

वस्तीवर कस्तुराबाई वाटच बघत होती. आता नीट दिसतंय का, तिनं हसत विचारलं. सिंधूबाई व्हय म्हणाली आणि तांब्या तोंडाला लावला. पदर सरकला. गळ्याभोवती लाल ठिपक्यांची रांग उठली होती, खिळ्यांची टोकं आत करून पट्टा बांधावा तशी.

कस्तुराबाईचं हसू मावळलं. ताईबाईला शेवटची अंघोळ तिनंच घातली होती, पट्टाही तिनंच नदीत सोडला होता. तिचं बोट सिंधूबाईच्या डाव्या कानाखाली टेकलं.

"इथलाच… इथलाच खिळा गळाला हुता गं तिचा," ती पुटपुटली.

तेवढ्या जागेवरची कातडी कोरी होती.