कोचीला जाणारी जड बोट

"तो ऋत्विक एकदा मले भेटू दे फक्त!" उंद्रीच्या थांब्यावर एसटीची वाट बघत पूनम फोनवर कडाडली. "जुन्या जड बोटी म्हने अंगनात शोभेले ठेवा! ते वाचून प्रतिमानं माह्यासंगं बोटीवर यायले नाई म्हटलं ना!"

"अंगनात नाई... गच्चीवर लिवलं होतं मी," मागून कुणीतरी म्हणालं.

ती गर्रकन वळली. उन्हानं रापलेला एक पोरगा गालातल्या गालात हसत होता.

"तू... ऋत्विक?"

"हाव. मावशीकडे आलतो."

म्हणजे हाच तो बुलढाण्याचा शहाणा! दोघांच्याही गावापासून समुद्र कुठल्या कुठे. पण ती रत्नागिरीत शिडाच्या बोटी चालवायची, तो गोव्यात. लांबच्या सफरीला जुन्यातली कोणती बोट चांगली, यावरून खलाशांच्या ग्रुपवर दोघं हिवाळाभर भांडले होते. त्याला हलकी, चपळ हवी. तिला जड, खोल तळाची. तसलीच एक बोट तिला पावसाळ्याआधी कोचीला पोहोचवायची होती. जोडीला माणूस मिळाला नाही, तर मालक ते काम दुसऱ्याला देणार होता. आणि या बाबाला हसू येत होतं!

"तुले काय ठाऊक तिच्याबद्दल? तुफानातही डगमगत नाई ती!"

"वळतही नाई ना पन," तो म्हणाला. मग हळूच — "रागात बरी दिसते तू. ग्रुपवर कळत नव्हतं."

"विषय बदलू नको!" पण तिचे कान तापले, आणि त्याचाही तिला रागच आला.

"बरं. आधी तिचा नांगर बदल. जड नांगर पाह्यजे, मातीत घट्ट रुतनारा."

तिला सोडायला आलेले तिचे वडील, महादेवराव, इतका वेळ तोंड फिरवून बसले होते. बोटवाल्या पोरांचं त्यांना वावडंच. शेतीत जन्म गेलेल्या त्यांचा चेहरा नांगर ऐकताच खुलला.

"पोरा, घरी वावर दिसते तुह्या? पूनम, असा पोरगा पाह्य म्हनलं मी तुले!"

ऋत्विकनं पूनमकडे चोरून पाहिलं... आणि मान डोलावली. "हाव काका."

पूनमचं डोकंच फिरलं. "खोटं बोलतं माह्या बापाशी? बाबा, हा बोटीचा नांगर! बोट एका जागी धराले पान्यात टाकतात तो!"

महादेवरावांचा चेहरा पडला. ऋत्विक ओशाळला.

"चुकलं काका. वावर नाई मले. बोटीवरच पोट हाये. पन तुमची पोरगी... हिच्याशी भांडाले मिळावं म्हनूनच रोज ग्रुपवर येत होतो मी. बोटींचं निमित्त होतं."

"अन् माह्यं काम जाऊन राह्यलं त्याचं काय?" पूनमनं त्याला अडवलं.

"मी येतो ना. कोचीपर्यंत."

एसटी आली. महादेवरावांनी तिची बॅग उचलून त्याच्या हातात दिली. "वावर नाई, पन तोंडावर कबूल तरी केलं," ते पुटपुटले.

"बोट चुकीचीच हाये," ऋत्विक दारापाशी म्हणाला. "पन तू एकटी गेली तर मले करमनार नाई."

"चुकीची?" पूनमनं पायरीवरून त्याचा हात धरला आणि त्याला वर ओढलं. "बस इथं. रत्नागिरी येईपर्यंत ऐक आता!"